वडिलांच्या आठवणी जमवायच्यात? मग त्यांच्या वाटेनं चाला

आमचे तात्या जुन्नरचे. बाजारपेठेत दुकान होतं पण सुट्टीचा वार आला की पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम आणि निघाले, कधी चावंडचा किल्ला, कधी हडसरचा, कधी नुसतं कुकडीच्या डोहावर गळ टाकून संध्याकाळपर्यंत बसायचं. ते गेले तेव्हा दशक्रियेला बऱ्याच जणांनी श्रद्धांजली वाहिली, मनमिळाऊ, कष्टाळू, सगळ्यांना मदत करणारे, सगळे मनापासून बोलले आणि ते खरंच होतं, पण रात्री वहीत उतरवायला बसले तर फक्त आमच्या तात्यांचीच म्हणावी अशी एक गोष्ट सापडेना. त्यानंतर वर्षभर मी जे केलं ते लिहितेय, ज्यांचे वडील रानात रमणारे होते त्यांना उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी फोन. नंबर बंद करायची घाई करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात हे एक, आणि रिचार्ज न करता पडून राहिला तर तो नंबर पुढे दुसऱ्या कुणाला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्यांचे व्हॉइस मेसेज एकेक करून बाहेर काढा आणि दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राइव्हवर आणि एक ऑनलाइन. माझ्याकडे तात्यांचा 9 सेकंदांचा एक आहे, "खेकडी आणलीत गं, मोठं पातेलं काढून ठेव," मागे पाऊस ऐकू येतोय. ते घालवलं असतं तर परत कुठून आणलं असतं?

मग माणसं. भेटायला येणाऱ्याला "ते कसे होते" असं विचारू नका, त्याला परत मनमिळाऊच सांगावं लागतं. "तुम्ही त्यांच्याबरोबर शेवटचं कुठं गेला होतात" असं विचारा, बघा माणूस कसा बोलायला लागतो. तारीख विचारूच नका, जुन्या माणसांना सन आठवत नाही, पण नक्षत्र पक्कं आठवतं. मृग लागला होता का, कारवी फुललेली होती का, भात लावून झालं होतं का. कारवी तर दर 7 वर्षांनी फुलते म्हणतात, त्यावरून मामांनी आणि मी मागं मोजत मोजत एका ट्रिपचं वर्ष काढलं. रेकॉर्डिंग चालू करायच्या आधी विचारून घ्या, आणि फोन समोर न धरता ताटाशेजारी पालथा ठेवून द्या.

हातात वस्तू दिली की अजून निघतं. तात्यांचा डालड्याचा एक जुना डबा होता, त्यात तंगूस, गळ, शिशाचे तुकडे आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाची दांडी. तो डबा मी ठाकरवाडीतल्या एका बाबांपुढे ठेवला. त्यांनी दांडी उचलून अंगठ्यानं तिच्यावर गुंडाळलेला लाल दोरा चाचपला आणि म्हणाले, हा दोरा माझ्या धोतराच्या गाठोड्याचा हाये. मग तासभर बोलत होते. पहिल्या पावसात मासे चढणीला लागले की तात्या ओढ्यावर यायचे खरे, पण गाभोळीनं फुगलेली मासळी हातात आली की सोडून द्यायचे, पोटाखाली पिल्लं असलेली खेकडी पण सोडायचे, आणि बरोबरच्या पोरांना पण सोडायला लावायचे. हे आम्हाला घरात कधी कुणी सांगितलं नव्हतं.

आईला विसरू नका. माझी आई जीवधन किल्ल्यावर एकदाही गेली नाही, पण तात्यांचं वर्ष तिला स्वयंपाकघरातून पाठ आहे. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं, मृगात खेकडी, मग कुर्डू, चाईचा मोहोर, पुढे करटोली. तिच्याकडून मी भाज्यांची यादी केली, कशी निवडायची, कशात शिजवायची सगळं. अळंबीचं मात्र लिहून ठेवलं तरी वहीवरून ओळखून खाऊ नका, ते ओळखणारा माणूस बरोबर असेल तरच.

फोटोंचं थोडक्यात सांगते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात, अख्खं पानच स्कॅन करा, 600 डीपीआय ठेवा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं कडेला, बॉलपेन पुढून उमटतं. आणि घरात पीकसंरक्षणाची लायसनची बंदूक असेल तर ती आठवण म्हणून भिंतीला लावून ठेवता येत नाही, लायसन त्यांच्या नावावर होतं, लगेच पोलीस ठाण्यात कळवून जमा करा. सांबरशिंग, कातडं असलं काही निघालं तर वनखात्याला विचारा.

आता खरं काम, चालणं. त्यांच्या नेहमीच्या 4-5 वाटा निवडा आणि प्रत्येक वाटेवर त्यांच्या बरोबर गेलेलं एक माणूस न्या, फोनवर ट्रॅक चालू ठेवा म्हणजे वाट नकाशावर उतरते, आणि जिथं तो माणूस थांबेल तिथं खूण टाका. घरात बसून जे आठवत नाही ते वळणावर आठवतं, हे मी नाणेघाटात बघितलं. तिथं सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी लेख आहे, नागणिका राणीचा, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे, सगळे त्याचे फोटो काढतात. आमचे मामा मात्र लेण्याच्या तोंडाशी एका कट्ट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, तुझा बाप इथं बसून भाकरी खायचा आणि कोकणातून चढून येणाऱ्याला आधी पाणी द्यायचा, ओळख नंतर. जीवधनच्या पायऱ्या इंग्रजांनी 1818 ला सुरुंगानं उडवल्या, तिथं कातळाला लागून चढावं लागतं, त्या जागी मामांनी माझ्या मुलाचा घोटा धरून पाय एका खाचेत ठेवला. तात्यांनी त्यांचा असाच ठेवला होता, त्याच खाचेत. पावसात हा टप्पा करू नका, निसरडं असतं, दिवाळीनंतर जा.

अजून ओढ्याची वाट राहिलीय, ती रात्रीचीच. मृग लागला की ठाकरवाडीचे बाबा येतो म्हणालेत. बॅटरीचे सेल आणून ठेवलेत, मोठं पातेलं आईनं माळ्यावरून काढलंय.