जलनेती घरी करताना: पाणी, मीठ आणि मानेचा कोन

जलनेती म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं. सोसायटीच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चूळ भरायला चालतं, नाकात घालायला नाही. पोटात गेलेले बरेच जंतू जठरातल्या आम्लाने मरतात, नाकात तसा बंदोबस्त नसतो. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. आजार दुर्मिळ, पण बहुतेकदा जीवघेणा. केरळात अलीकडच्या वर्षांत अमीबाच्या अशा संसर्गाचे रुग्ण आढळले आहेत. म्हणून पाणी खदखदून उकळायचं, उकळी आल्यावर किमान 1 मिनिट तसंच ठेवायचं आणि झाकून कोमट होऊ द्यायचं. घरच्या आरओ किंवा यूव्ही फिल्टरवर भिस्त ठेवू नका, ते पाणीही उकळा. उरलेलं 24 तासांनंतर ओतून टाका.

मीठ निवलेलं पाणी मोजल्यावर घालायचं. आधीच घालून उकळलं तर वाफ जाऊन पाणी जास्त खारट होतं. प्रमाण लिटरला 9 ग्रॅम, म्हणजे पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम. 5 मिलीच्या मापी चमच्याने बारीक मीठ सपाट अर्ध्या चमच्याहून जरासं कमी. वर चिमूटभर खायचा सोडा घातला तर चुरचुर कमी होते (बेकिंग पावडर नव्हे, ती वेगळी वस्तू). आयोडीन नसलेलं मीठ बरं. आयोडीनच्या मिठाने काहींचं नाक झोंबतं. सैंधव घ्यायचं तर पुडीवर आयोडीन आहे का ते पाहा, आणि तळाशी खडे-कचरा राहिला तर ते पाणी वापरू नका. पावसाळ्यात दमट हवेत मिठाचे गोळे होतात आणि चमच्याचं माप फसतं. छोटा वजनकाटा असेल तर उत्तम, नाहीतर औषधांच्या दुकानातली तयार पुडी घ्या आणि तिच्यावर लिहिलेल्या मापाचंच पाणी वापरा.

नेतीचं तोटीवालं भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं असावं. तांब्या-पितळेचं मिठाने खराब होतं.

बेसिनवर वाका. कपाळ आणि हनुवटी साधारण एकाच उंचीवर ठेवून मान एका बाजूला वळवा. तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या. वरच्या नाकपुडीला तोटी लावून भांडं हळूहळू कलतं करा, पाणी खालच्या नाकपुडीतून येईल. निम्मं एका बाजूने, निम्मं दुसऱ्या बाजूने. घशात उतरत असेल तर डोकं मागे गेलंय, आणखी पुढे वाका. झोंबत असेल तर बहुधा मीठ कमी-जास्त झालंय किंवा पाणी गार आहे. कानात दडा बसला तर धार जोरात पडतेय. भांड्याऐवजी पिळायची बाटली वापरली तर हे सहज होतं, म्हणून हलकेच दाबा.

नाक पूर्ण चोंदलेलं असताना जोर लावू नका. आधी गरम पाण्याने आंघोळ करा, थोडं मोकळं झालं की धुवा.

झाल्यावर पुढे वाकून मान दोन्हीकडे फिरवा आणि दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळू शिंकरा. एक दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. अर्ध्या तासाने खाली वाकताना थोडं पाणी गळेल, ते साहजिक आहे. झोपायच्या किमान तासभर आधी आटपा.

ॲलर्जीवाल्यांनी लोकलच्या गर्दीतून, बांधकामाच्या धुळीतून घरी आल्यावर धुणं सोयीचं. ओल आलेल्या भिंतीची बुरशी झाडल्यावरही. रोज एकदा पुरे, त्रास वाढला तर दोनदा. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला असेल तर तो धुतल्यानंतर 10-15 मिनिटांनी मारा, आधी मारलात तर औषध वाहून जाईल.

भांडं साबणाने धुवून उकळलेल्या पाण्याने विसळा आणि पंख्याखाली उपडं वाळवा. बाथरूममध्ये ते पावसाळ्यात वाळतच नाही.

नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, कान दुखत असेल किंवा वारंवार घोळणा फुटत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. 10 दिवसांत उतार नाही किंवा एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येतोय, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, किंवा तीव्र डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं एकदम सुरू झालं, तर थेट रुग्णालय गाठा आणि नाक धुता हे तिथे आवर्जून सांगा.