जुनी मोटरहोम गॅरेजला नेण्याआधी: सातारा-सांगलीसाठी तयारीची यादी

‘मोटरहोम दुरुस्ती’ अशी पाटी शोधत सातारा-सांगली पालथं घालू नका. जुनी मोटरहोम म्हणजे खाली टाटा, आयशर नाहीतर लेलँडची बस आणि वर बिऱ्हाड. बस दुरुस्त करणारे इथे भरपूर आहेत, बिऱ्हाडाची कामं करणारेही आहेत. दोन्ही एकाच हाताला जमणं अवघड. ‘सगळं करून देतो’ म्हणणारा बहुधा निम्मं काम तुमच्याच गाडीवर शिकतो. म्हणून आधी कामाची फोड करा: इंजिन, पंप-नोझल (इंजिनात डिझेल सोडणारे), पाटे (चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा), ब्रेक, पत्रा, वायरिंग, गॅस-पाणी.

फोन फिरवण्याआधी वहीचं एक पान गाडीच्या नावे करा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, महिना-साल, वायरिंग १२ व्होल्टचं की २४ चं, ब्रेक हवेचे की ऑइलचे. इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपावरची पट्टी पुसून तिचा फोटो काढा. जुन्या पंपांवर ‘मायको’ लिहिलेलं असतं. भारतातल्या बॉशचं २००८ पर्यंत तेच नाव होतं. मॉडेलचं नाव तेच असलं तरी सालागणिक पार्ट बदलतात, आणि नुसत्या नावावर मागवलेला मास्टर सिलिंडर किंवा क्लच प्लेट परत पाठवण्यात आठवडा जातो.

त्याच पानावर दुखणं नेमकं लिहा. ‘गाडी तापते’ याला काही अर्थ नाही. यवतेश्वर घाट चढताना काटा वर जातो आणि सपाटीला खाली येतो, असं असेल तर रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. उभ्या गाडीत तापते आणि पळताना गार होते, तर पंखा आणि पट्टा बघायचा. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय. धुराचा रंगही लिहा: काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम इंजिनातही पांढरा म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. हे ऐकून मिस्त्री उलट प्रश्न विचारतो की थेट ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणतो, यावरच त्याची निम्मी परीक्षा होते.

माणसं विचारायची कुठे? शाळेच्या बस चालवणाऱ्यांकडे, द्राक्षाच्या गाड्यांच्या मालकांकडे, आणि सगळ्यात आधी एस.टी. डेपोतून निवृत्त झालेल्या मेकॅनिककडे. टाटा आणि लेलँडच्या बसवर हात बसलेली याहून जाणकार माणसं सापडायची नाहीत. वेळही बघा. गळीत हंगामाच्या तोंडावर, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, गॅरेजं उसाच्या गाड्यांनी भरतात. तुमच्या गाडीला तेव्हा कोपरा मिळणार. रंग-पत्रा एप्रिल-मेमध्ये उरका, पावसात सीलंट धरत नाही. इंजिनकाम पावसाळ्यात चालेल, पण कृष्णाकाठच्या सखल शेडमध्ये नको. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर सांगलीने पाहिलाय, आणि इंजिन उतरवलेली गाडी ऐनवेळी हलत नाही.

पाटेवाल्याकडे जाण्याआधी वजनकाटा गाठा. साखर कारखान्यांच्या मुलखात काट्यांना तोटा नाही. पाण्याची टाकी, सिलिंडर, सामान भरून आधी अख्खी गाडी, मग नुसती पुढची चाकं, मग नुसती मागची, अशी तीन वजनं घ्या आणि आरसीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. प्रवासी उतरले की बस हलकी होते. मोटरहोम कायम भरलेलीच. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, आणि त्याच बाजूला बॅटऱ्या असतील तर गाडी कलणारच. तिथे पाट्यांचा दोष नसतो. सरसकट ‘एक पाटा वाढवतो’ म्हणणाऱ्याला थांबवा: गाडी कडक होते, आणि धक्क्यांनी वरची कपाटं, पाण्याच्या पाइपचे जोड सुटतात. चेसिसच्या लांब तुळयांच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोक पाडायला किंवा वेल्डिंग करायला निघालेल्या माणसाला तर नमस्कारच करा.

वायरिंगला ऑटो इलेक्ट्रिशियन आणि घरचा वायरमन दोघंही लागतात. २४ व्होल्टच्या गाडीत दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतात, ही नेहमीची चूक. मग एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही मरतात. त्यासाठी २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावायचा. १२ व्होल्टवर दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला १७० अँपिअरहून जास्त ओढतो. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. घराची एकतारी वायर गाडीत हादऱ्यांनी तुटते, बारीक तारांचीच वापरायला सांगा. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला हवा जायची जाळी तळाशी असावी. जोड साबणाच्या पाण्याने तपासा.

पहिलंच काम मोठं देऊ नका. चाकांचं ग्रीस, बेअरिंग आणि ब्रेकचे लायनर एवढंच द्या आणि शेजारी उभे राहा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरतो की आधी घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावतो? ब्रेकचे रबर डिझेलने धुतो का? डिझेलने ते फुगतात. जमलं तर पुढचं काम लेखी अंदाजावर द्या: मजुरी, पार्ट आणि लेथकाम वेगळं, जुने पार्ट परत, पंपाच्या कॅलिब्रेशनची (डिझेलचं माप जुळवल्याची) चिठ्ठी सोबत. आरसीवर मोटरहोमची नोंद नसेल किंवा इंजिनच बदलायचं असेल, तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा.

पैसे चुकते करण्याआधी पाण्याची टाकी भरून, मिस्त्रीला शेजारी बसवून पसरणी घाटाने पाचगणीहून वाईला उतरा, खालच्या गिअरमध्ये. खाली आल्यावर प्रत्येक चाकाच्या मधोमध तळहात लांबूनच धरा. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय. एकच गार असेल तर तो लागतच नाही. पाट्यांचं काम झालं असेल तर शंभर किलोमीटरनंतर पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायला यायचं, हे त्याने आपणहून सांगायला हवं.