अपघातांची जुनी नोंदवही कशी वाचावी

सेफ्टी विभागात रुजू झालो त्याच आठवड्यात वरिष्ठांनी पाच वर्षांची अपघात नोंदवही माझ्यापुढे ठेवली. "आधी ही वाच, मग कारखान्यात फीर," म्हणाले. दोन दिवसांत वाचून काढली. कारणाच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक पानावर एकच शब्द: निष्काळजीपणा. मला वाटलं, लोकांना नीट समज दिली की काम झालं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणांना असंच वाटतं, म्हणून हे लिहितोय.

दुसऱ्यांदा वाचताना मी प्रत्येक नोंद एका तक्त्यात उतरवली: यंत्र, नेमकं काम, वेळ, पाळी, इजा कुठे झाली. तेव्हा तीन नोंदी एकाखाली एक आल्या. माणसं वेगळी, वर्षं वेगळी. पण कन्व्हेयर, म्हणजे माल वाहून नेणारा पट्टा, तोच, त्याची शेवटची पुली तीच आणि वेळ पाळी सुटण्याआधीच्या अर्ध्या तासातली. एकाची बोटं चेंगरली होती, दुसऱ्याचं मनगट सोलवटलं होतं, तिसऱ्याच्या उजव्या हाताच्या बोटांची दोन पेरं गेली होती. तिघांच्याही नावापुढे शेरा एकच, 'गार्ड काढून साफसफाई केली'. गार्ड म्हणजे फिरत्या भागावरचं संरक्षक झाकण.

जागेवर गेलो. गार्डला सहा बोल्ट असायला हवे होते. चार लावलेले होते आणि त्यांच्या डोक्यांवरचा रंग पान्ह्याने पार निघून गेला होता. उरलेले दोन शेजारच्या डब्यात. म्हणजे गार्ड रोज निघत होता आणि हे साऱ्या विभागाला माहीत होतं. साफसफाई करणाऱ्याजवळ जाऊन बसलो. तो म्हणाला, "साहेब, पट्ट्यावरून माल सांडतो, पुलीखाली साचतो. पुढच्या पाळीला जागा साफ करून द्यावीच लागते. पट्टा थांबवायचा तर परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत पाळी सुटते."

'निष्काळजीपणा' या शब्दापाशी थांबलो असतो तर यातलं काहीच कळलं नसतं. तेव्हापासून एक पथ्य पाळतो: जे आपल्याला उद्या बदलता येईल असं कारण हाती लागेपर्यंत 'का' विचारत राहायचं. माणसाचा स्वभाव उद्या बदलत नाही. माल सांडणं थांबवता येतं, पट्टा थांबवण्याची परवानगी सोपी करता येते. उपाय शोधतानाही आधी धोकाच नाहीसा करता येतो का ते बघा, मग यंत्रातली सुधारणा, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे-हेल्मेट. फिरत्या पुलीपाशी तर हातमोजाच हात आत ओढून नेतो.

आकड्यांबाबत एक सावधगिरी. आमच्याकडे दिवसपाळीत 12 अपघात होते, रात्रपाळीत 7. रात्र सुरक्षित वाटली. पण रात्री माणसं दिवसाच्या एक तृतीयांशच असायची. कामाच्या तासांशी ताडून पाहिलं तर रात्रीचं प्रमाण पावणेदोन पट निघालं. नुसती संख्या वरिष्ठांपुढे कधीच ठेवू नका. नोंदी मोजक्याच असतील तर टक्केवारीच्या नादी न लागता एकेक घटना मुळापासून वाचा.

स्वतःच्या कारखान्याबाहेरचे अहवालही वाचत राहा. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या समुद्रातून तेल काढणाऱ्या फलाटावर स्फोट होऊन 167 माणसं मृत्युमुखी पडली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही आणि दुसरा पंप बंद पडल्यावर तोच पंप सुरू केला गेला. हे वाचल्यावर मी आमच्याकडे दोन पाळ्यांमध्ये निरोप कसा दिला जातो ते आठवडाभर उभं राहून पाहिलं. निम्म्या वेळा जाणारा माणूस येणाऱ्याला भेटतच नव्हता.

टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात 2005 साली स्फोट होऊन 15 जण दगावले. तिथे तेल वेगळं करणाऱ्या मनोऱ्यातली द्रवाची पातळी, तो याआधी अनेकदा सुरू करतानाही मर्यादेबाहेर गेली होती. कुणाला इजा झाली नाही म्हणून त्याची घटना म्हणून दखल घेतली गेली नाही. म्हणून थोडक्यात टळलेले प्रसंग, ज्यांना आपण 'निअर मिस' म्हणतो, त्यांनाही नोंदवहीतल्या अपघाताइतकाच मान द्या. आणि ते सांगणाऱ्यावर कधीही कारवाई होणार नाही याची हमी मिळवा. एकाला जरी मेमो मिळाला तरी सगळ्यांची तोंडं मिटतात. माझ्या मते या कामातलं हे सगळ्यात मोठं नुकसान.

शेवटी, प्रत्येक जुन्या अहवालातली शिफारस काढून ती अमलात आली का, हे जागेवर जाऊन बघा. फाइलवर 'पूर्तता झाली' लिहिलेलं असलं तरी. कन्व्हेयरला आम्ही बिजागरीचा गार्ड लावून घेतला, उघडला की पट्टा आपोआप थांबेल असा. मंजुरीचे कागद जुळवताना पहिल्या अपघाताचा अहवाल हाती आला. मागच्या बाजूला सुपरवायझरने लिहिलं होतं, 'गार्ड बिजागरीचा करावा'. पेरं गेली तो अपघात त्यानंतर तीन वर्षांनी झाला होता.