क्रेनच्या सेफ्टी कंट्रोलरचे रिले जोडताना या चुका टाळा

सेफ्टी कंट्रोलर वजन मोजतो आणि ते जास्त झालं की रिलेमार्फत होइस्टचं (वजन उचलणाऱ्या यंत्राचं) उचलणं थांबवतो. पण ओव्हरलोडची टेस्ट पास झाली म्हणजे वायरिंग बरोबर, असं कृपया धरून चालू नका. सगळ्यात घातक चूक या टेस्टमध्ये सापडतच नाही.

ती होते कशी ते बघा. पॅनल बंद आहे, हातात मल्टिमीटर. एक प्रोब रिलेच्या कॉमन टर्मिनलला, दुसरा फिरवत नेला की एका टर्मिनलवर बीप वाजते. ‘सर्किट इथून पूर्ण होतंय’ म्हणून अप कॉन्टॅक्टरच्या (हूक वर नेताना मोटरला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलची वायर तिथेच लागते. पण बीप देणारा तो एनसी (नॉर्मली क्लोज्ड) कॉन्टॅक्ट. रिलेला सप्लाय नाही म्हणूनच तो जुळलेला आहे. कंट्रोलर चालू केला की रिलेच्या कॉइलला सप्लाय मिळून तो ओढला जातो, एनसी उघडतो आणि हूक वर जाईना. मग मेन्यूत जाऊन रिलेचं लॉजिक उलटं केलं जातं. आता जास्त वजनाला होइस्ट थांबतो, सगळे खूश. पण कंट्रोलरचा फ्यूज उडाला, तर एनसी जुळलेलाच राहणार आणि होइस्ट कितीही वजन उचलत राहणार.

म्हणून एनओ (नॉर्मली ओपन, सप्लाय नसताना उघडा) कॉन्टॅक्ट वापरा आणि सगळं ठीक असताना रिले ओढलेला राहील असं सेटिंग ठेवा. मग हूक रिकामा ठेवून अप दाबा आणि कंट्रोलरचा सप्लाय काढा. होइस्ट तिथल्या तिथे थांबला पाहिजे. लोडसेलची (वजन मोजणाऱ्या सेन्सरची) केबल काढूनही हेच करून बघा.

ट्रिप, म्हणजे ओव्हरलोडला सर्किट तोडणारा रिलेचा कॉन्टॅक्ट, सगळ्या क्रेनला वीज देणाऱ्या मेन कॉन्टॅक्टरला लावू नका. ओव्हरलोडला फक्त अप तुटावा, डाउन चालू राहावा. नाहीतर वजन हवेत लटकतं आणि ऑपरेटर बायपासच्या चावीकडे वळतो.

रिलेवर छापलेले ५ अँपिअर बहुतेक वेळा रेझिस्टिव्ह लोडसाठी असतात. कॉन्टॅक्टरची कॉइल म्हणजे इंडक्टिव्ह लोड, तिच्यासाठी एसी-१५ किंवा डीसी-१३ (एसी आणि डीसी कॉइलसारख्या लोडचे वर्ग) चा आकडा बघा. तो बराच कमी असतो. मी उघडलेल्या एका रिलेत दोन्ही कॉन्टॅक्ट करड्या मण्यासारखे वितळून चिकटले होते. स्क्रीनवर ट्रिप, आणि हूक वर चाललेला! सप्रेसर (कॉइल बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका दाबणारा भाग) कॉन्टॅक्टरच्या कॉइलवरच लावा. रिलेच्या कॉन्टॅक्टवर आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) सप्रेसर लावला, तर एसीमध्ये त्यातून झिरपणाऱ्या करंटवर लहान कॉन्टॅक्टर धरून राहू शकतो. डीसी कॉइलला नुसता डायोड लावला की कॉन्टॅक्टर उशिरा सुटतो, तिथे व्हॅरिस्टर (दुसऱ्या प्रकारचा सप्रेसर) बरा. कॉन्टॅक्टच्या आधी योग्य फ्यूज हवाच.

शेवटची चूक डिलेची, म्हणजे ओव्हरलोड दिसल्यापासून ट्रिप होईपर्यंतच्या वेळेची. उचलताना झटका बसून ट्रिप होतं म्हणून डिले ३ सेकंदांवर नेतात. मिनिटाला ८ मीटर वेगाने हूक तेवढ्यात ४० सेंटिमीटर वर जातो, म्हणजे जास्तीचं वजन जमिनीवरून सुटलेलं असतं. डिले कमीच ठेवा आणि स्लिंग ताणली जाईपर्यंत स्लो स्पीडवर उचलायला लावा.