विटांची चिलखती आगगाडी: तोफ नंतर, आधी या चुका टाळा

लेगोच्या प्लास्टिकच्या विटांतून चिलखती आगगाडी, म्हणजे पोलादी पत्रे आणि तोफा चढवलेली लष्करी गाडी, करायला बसलेला नवशिका आधी काय करतो? तोफ. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, सजवायचा, नळी लांबवायची, फोटो काढून चार मित्रांना पाठवायचा, आणि मग म्हणायचं, ‘आता खाली चाकं लावली की झालं.’ चाकं लावल्यावर काहीच झालेलं नसतं. पहिल्या वळणावर गाडी आडवी होते आणि मला फोन येतो.

लेगोकडे चिलखती गाडीचं तयार खोकं नाही. खऱ्या, आधुनिक युद्धसामग्रीपासून ही कंपनी चार हात लांब राहते. २०२० मध्ये ऑस्प्रे या लष्करी विमानाचा संच दुकानात यायच्या तोंडावर मागे घेतला गेला, तोही याच कारणावरून. म्हणजे सूचनापुस्तिका नाही, भागांची यादी नाही, सगळं आपल्याच डोक्यानं. म्हणून बोलायला एक गाडी ठरवून घेऊ: पोलंडची ५३ क्रमांकाची ‘श्म्यावी’, म्हणजे ‘धाडसी’. १ सप्टेंबर १९३९ ला, दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्याच दिवशी, मोकरा गावापाशी व्होलिन घोडदळ ब्रिगेडच्या मदतीला ही गाडी आली आणि जर्मनांच्या चौथ्या पॅन्झर, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजनवर तिनं तोफा डागल्या. पोलंडचीच का, असं विचाराल तर मी कोल्हापूरचा. १९४३ ते १९४८ या काळात इथल्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, त्यामुळे पोलंड आम्हाला फार लांबचा वाटत नाही.

इंजिन पुढे लावणं

दहातले नऊ जण हे करतात, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आगगाडी म्हटलं की इंजिन पुढे, ही सवय प्रवासी गाडीची. चिलखती गाडीत इंजिन मधे असतं. पोलिश गाड्यांची नेहमीची मांडणी अशी: दोन तोफडबे, हल्ला करणाऱ्या तुकडीचा एक डबा, या सगळ्यांच्या मधे चिलखत चढवलेलं वाफेचं इंजिन आणि दोन्ही टोकांना उघड्या, सपाट वाघिणी, म्हणजे मालडबे. त्या वाघिणींवर रूळ आणि रुळांखालचे आडवे स्लीपर लादलेले. तोडलेला मार्ग दुरुस्त करायला ते सामान लागायचंच, पण मुख्य म्हणजे रुळाखाली सुरुंग असेल किंवा रूळ उखडलेले असतील, तर पहिला फटका त्या स्वस्तातल्या वाघिणीनं खायचा. जर्मनांची पुढची बीपी-४२ ही गाडीसुद्धा इंजिन मधोमध ठेवून दोन्हीकडे सारखीच रचलेली होती.

हे किती शहाणपणाचं होतं ते पाहायचं तर १५ नोव्हेंबर १८९९ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातला प्रसंग आठवा. ब्रिटिशांशी लढणाऱ्या, तिथल्या डच वंशाच्या बोअर लोकांनी रुळावर दगड टाकून ब्रिटिशांची चिलखती गाडी अडवली. धडक बसली ती परतीच्या दिशेला असलेल्या डब्यांना, आणि घसरले तेही तेच. मधलं इंजिन शाबूत राहिलं, त्यानं ढुसण्या देऊन वाट मोकळी केली आणि जखमींना घेऊन ते निसटलं. गाडीत बातमीदार म्हणून गेलेला तरुण चर्चिल मात्र पकडला गेला. इंजिन पुढे असतं तर निसटायला काही उरलंच नसतं.

आता हे विटांत करायला गेलं की खरी गंमत सुरू होते. इंजिन मधे म्हणजे अर्धी गाडी ओढायची आणि अर्धी ढकलायची. ओढताना लेगोची चुंबकाची कपलिंग बरी चालतात, गाडी फार जड झाली तर सुटतात एवढंच. ढकलताना वळणावर दोन डब्यांचे बफर, म्हणजे टोकांचे दट्टे, तिरके भिडतात आणि पुढच्या हलक्या डब्याची चाकं बाहेरच्या रुळाकडे रेटली जातात. आणि सगळ्यात पुढे कोण? तीच रिकामी सपाट वाघीण, अख्ख्या गाडीतली सर्वांत हलकी. ती रुळावर चढते, घसरते, आणि मग लोक वैतागून इंजिन पुढे आणतात. इतिहासाची चूक तिथे होते, पण तिचं मूळ वजनात असतं.

माझा उपाय साधा आहे. सायकलवाल्याकडून टाकाऊ स्पोक आणायचे, सारख्या लांबीचे तुकडे करून कडा घासायच्या आणि वाघिणीवर रुळांचा ढीग म्हणून रचायचे. पोलादच ते, रंगही तोच. रूळ रुळासारखे दिसतात आणि वाघीण खाली बसते. तेवढ्यानं भागलं नाही तर खाली, प्लेटांच्या पोकळीत लोखंडी नट भरा. वजन जितकं खाली तितकं चांगलं. ढकलल्या जाणाऱ्या बाजूला चुंबक काढून मी सरळ लेगो टेक्निकच्या भोकांच्या पट्टीचा दांडा दोन पिनांवर लावतो. डबा सोडवायला त्रास होतो, पण ही लढाऊ गाडी आहे, तिचे डबे रोज कोण सोडवतंय? आणि डावं वळण संपल्या संपल्या लगेच उजवं वळण लावू नका. मधे निदान एक सरळ रूळ टाका. ज्यांना ‘तेवढी जागा नाही हो’ म्हणायचं असेल त्यांनी गोल फिरवावी.

डब्याची लांबी आणि वळण

आमच्या सोसायटीच्या गणपतीत इंजिनिअरिंगच्या एका मुलानं देखावा करायला घेतला. पुठ्ठ्याचा डोंगर, डोंगरात बोगदा, बोगद्यातून चिलखती गाडी. मुलगा हुशार, हात सफाईदार. तोफडबा त्यानं चाळीस स्टड (विटेवरचे गोल उंचवटे, लेगोत लांबी त्यांवरच मोजतात) लांब केला होता, कारण त्याला एका डब्यावर दोन टरेट आणि मधे खिडक्या हव्या होत्या. मी म्हटलं, “बाळा, वर काही चढवू नकोस. नुसता सांगाडा चाकांवर ठेव आणि एकदा वळणावरून हातानं ढकलून बघ.”

“काका, सॉफ्टवेअरमध्ये सगळं बसतंय.”

सॉफ्टवेअरमध्ये बसणारच. तिथं गाडी सरळ रुळावर उभी असते. तिला वळायचं नसतं, बोगद्यातून जायचं नसतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळची आरती, सगळी सोसायटी जमलेली. ‘सुखकर्ता’ सुरू झालं आणि यानं रिमोट दाबला. गाडी झोकात निघाली. बोगदा नेमका वळणावर. पुढची वाघीण आत गेली, मग तोफडब्याचा कोपरा पुठ्ठ्यात घुसला. मागून मोटर ढकलतेच आहे. डोंगर सरकला, डोंगरावरचं शंकराचं देऊळ घरंगळलं आणि नैवेद्याच्या ताटाशेजारी येऊन थांबलं. टाळ्या वाजवणारे हात थांबले, पण आरती थांबवता येत नाही, म्हणून सगळे हसू दाबत ‘जय देव जय देव’ म्हणत राहिले. सेक्रेटरींनी आरती संपल्यावर विचारलं, “हा हल्ला देखाव्यात होता का?”

आता हिशेब पाहा. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या चाळीस स्टड, म्हणजे ३२० मिलिमीटर. सोळा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होतं. त्याच्या डब्याखालच्या दोन ट्रॉलींच्या, म्हणजे वळणाऱ्या चाकगाड्यांच्या, मध्यांमधलं अंतर होतं चोवीस स्टड. अशा डब्याचं पोट वळणावर आतल्या बाजूला साधारण १५ मिलिमीटर सरकतं आणि टोकं बाहेरच्या बाजूला २५ मिलिमीटर फेकली जातात. तीन स्टड! सरळ रुळावर मापून कापलेल्या बोगद्यात तो डबा जाणारच नव्हता. शिवाय तोफेची नळी टोकाच्याही पुढे, ती आणखी लांबून झाडू मारत येते.

आम्ही रात्री बसून डबा अठ्ठावीस स्टडवर आणला आणि ट्रॉलींमधलं अंतर सोळावर. बाहेरचा फेक १३ मिलिमीटरवर आला, आतला सहा-साडेसहावर. एक टरेट गेला. मुलगा हळहळला, पण विसर्जनापर्यंत गाडी पळाली.

मी हिशेबापेक्षा पेन्सिलीवर जास्त विश्वास ठेवतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वळण मांडायचं, डब्याच्या चारही कोपऱ्यांना आणि पोटाला पेन्सिलीचे तुकडे चिकटपट्टीनं बांधायचे आणि डबा सावकाश ढकलायचा. कागदावर ज्या रेघा उमटतात तीच तुमची हद्द. बोगदा, सिग्नलचा खांब, फलाट, सगळं तिच्या बाहेर. लांब डबे हवेच असतील तर ५६, ७२, ८८, १०४ स्टड त्रिज्येची वळणं इतर कंपन्या करतात. ७२ ची घेतलीत तर वर्तुळाला सव्वा मीटर जागा लागते. घरच्यांना विचारून घ्या.

प्रमाण

लेगोच्या रुळांमधलं आतलं अंतर ३७.५ मिलिमीटर. पोलंडचा मार्ग १४३५ मिलिमीटरचा, म्हणजे रुळांवरून प्रमाण १:३८ येतं. पण आठ स्टड रुंद डबा ६४ मिलिमीटरचा. खरा डबा तीन मीटरच्या आसपास धरला तर ते झालं १:४७. दोन्ही जुळत नाहीत, जुळणारही नाहीत. मी डब्याचं प्रमाण धरतो आणि रूळ जरा रुंद दिसले तर दिसू देतो. लेगोच्या छोट्या बाहुल्यावरून प्रमाण ठरवू नका. उंचीनं तो ठीक आहे, पण आडव्या अंगाला त्याच्याइतका माणूस कुठल्याही सैन्यात नसतो. तो टरेटमध्ये बसावा म्हणून टरेट फुगवला की सगळी गाडी पाण्याच्या टाकीसारखी दिसायला लागते. बाहुला बाहेर उभा करा.

भारतीय मार्गाचं मात्र नशीब बघा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे त्याच रुळांवर प्रमाण जवळजवळ १:४५ येतं आणि डब्याशी बऱ्यापैकी जमतं. टी-७२ रणगाडे घेऊन निघालेली लष्करी विशेष गाडी करायची असेल तर त्यासारखा विषय नाही. रणगाडा सुमारे ३.६ मीटर रुंद, म्हणजे दहा स्टड. वाघिणीच्या दोन्ही बाजूंना तो थोडा बाहेर येऊ द्या.

बाकीचं, थोडक्यात

वरचे स्टड उघडे ठेवून ‘हे रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) आहेत’ म्हणणारे बरेच भेटतात. स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर. ४५ नं गुणा, जवळजवळ २२ सेंटिमीटरचा रिव्हेट झाला. चिलखताचे पत्रे गुळगुळीत टाइल वापरून आणि विटा आडव्या बसवून करा, रिव्हेट डोळ्यांना आपोआप दिसतात.

जुना राखाडी आणि नवा राखाडी एकाच भिंतीत घालू नका. लेगोनं २००४ च्या सुमाराला राखाडी बदलला, नव्यात निळसर झाक आहे. ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात डबा ठिगळं लावल्यासारखा दिसतो. दोन्ही असतीलच तर जुना चाकांच्या पातळीला खाली वापरा, तिथे धूळ समजून खपतो.

इंजिनाला तीन मोठ्या चाकांच्या जोड्या असतील तर मधली बिनकडेची, म्हणजे रूळ धरणारी कड नसलेली, लावा. पोलिश चिलखती गाड्यांना सहसा जुन्या प्रशियन घडणीचं टीआय-३ इंजिन असायचं, त्याला हे लागतंच. तिन्ही जोड्यांना कडा ठेवल्या की वळणावर इंजिन अडकून बसतं.

बॅटरीचा डबा इंजिनात कोंबायची धडपड कशाला? बॉयलरमध्ये तो मावत नाही आणि मावावा म्हणून बॉयलर फुगवावा लागतो. शेजारी पोलादी खोक्यासारखा तोफडबा आहे ना! मोटर त्याच्याखाली, बॅटरी बरोबर तिच्या वर. सहा सेलचं वजन मोटरच्या चाकांवर पडलं की रबराची पकड वाढते आणि इंजिन नुसतं शोभेला राहतं. दोन मोटरी लावल्यात आणि त्या उलटसुलट तोंडानं बसल्या, तर एकीची दिशा उलटी करायला विसरू नका. नाहीतर गाडी जागच्या जागी कुंथत राहते आणि लोक म्हणतात मोटर खराब आली.

आसात खोबरेल तेल घालू नका. धूळ धरतं, रुळांवर उतरतं, मग मोटरचं रबर घसरतं. गाडी जड चालत असेल तर आधी चाकं काढून आसाला गुंडाळलेले केस काढा. घरात लांब केस असलेलं कोणी असेल तर कारण हमखास हेच.

झटपट गोंदाचा मोह आवरा. पांढरा डाग पडतो आणि ती वीट पुन्हा कुठेही वापरता येत नाही. एखादा भाग सारखा निसटत असेल तर रचना चुकलेली आहे, खालच्या थराचा सांधा वरच्या थरानं झाकला आहे का ते बघा. स्वस्त नकली विटा रुळांच्या ढिगाऱ्यात, ढिगाऱ्यात कशाला, डोंगरातही चालतील, पण ट्रॉलीच्या वरच्या दोन थरांत नकोत. तिथे सगळा ताण येतो.

पावसाळ्यात गाडी बंद ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा. आणि कुठे न्यायची असेल तर टरेट वेगळे, डबे वेगळे, प्रत्येक डबा बुटाच्या खोक्यात वर्तमानपत्र कोंबून. स्कूटरच्या डिकीत अख्खी गाडी घेऊन आलेल्याला मी आता मदत करत नाही.