रिस्क ओएसवर नेटसर्फ अडला, तर बिघाड कसा शोधावा

नेटसर्फ या ब्राउझरचे काम २००२ साली रिस्क ओएस या ऑपरेटिंग सिस्टमसाठीच सुरू झाले. पानाची मांडणी करणारे त्याचे इंजिन पूर्णपणे स्वतःचे आणि सी भाषेत लिहिलेले आहे. त्यामुळे रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही तो झटपट उघडतो. मात्र अडला की विंडोज किंवा लिनक्सवरचे नेहमीचे उपाय येथे कामी येत नाहीत. ब्राउझर काढून पुन्हा बसवण्याची घाई करू नये, कारण दोष बहुधा त्याच्या खाली, म्हणजे मॉड्यूल (प्रोग्रॅमना लागणारे प्रणालीचे पूरक भाग), नेटवर्क किंवा घड्याळ यांपैकी कशात तरी असतो, आणि तो तिथे असेपर्यंत नवी प्रतही तशीच अडते.

चिन्हावर दोनदा क्लिक केल्यावर ब्राउझर सुरू होण्याऐवजी एखादी फाइल संपादकात उघडत असेल, तर झिप फाइल दुसऱ्या संगणकावर उलगडली गेली असण्याची शक्यता मोठी आहे. रिस्क ओएस फाइलचा प्रकार नावाच्या शेपटावरून ओळखत नाही. तो फाइलसोबत वेगळा नोंदलेला असतो आणि विंडोजवर झिप उलगडली की ही नोंद हरवते. मूळ झिप जशीच्या तशी रिस्क ओएसवर आणावी आणि स्पार्कएफएस किंवा स्पार्कप्लग या झिप उलगडणाऱ्या प्रोग्रॅमने तिथेच उलगडावी.

सुरू होतानाच शेअर्डयुनिक्सलायब्ररी, आयकॉन्व्ह किंवा टिंक्ट यांपैकी एखादे मॉड्यूल नसल्याचा किंवा जुने असल्याचा संदेश आला, तर पॅकमन या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनातून नेटसर्फ बसवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण लागणारी मॉड्यूल तो स्वतःच आणतो. हाताने करायचे असल्यास कॉन्फिगर या सेटिंगच्या प्रोग्रॅममधील सिस्टम हा विभाग उघडून त्यावर नवे !सिस्टम (मॉड्यूल ठेवलेले फोल्डर) ओढून सोडावे. फाइलरमधून, म्हणजे फाइलींच्या खिडकीतून, थेट कॉपी करणे मात्र कटाक्षाने टाळावे: कॉन्फिगर आवृत्त्या ताडून पाहतो, तर साध्या कॉपीने जुने मॉड्यूल नव्याच्या जागी बसू शकते आणि मग दुसरेच प्रोग्रॅम बंद पडू लागतात.

ब्राउझर उघडतो, पण एकही पान येत नाही, अशा वेळी एफ १२ दाबून आदेश-ओळीवर यावे आणि पिंग आदेशाने आधी राउटरचा आयपी पत्ता, मग एखाद्या संकेतस्थळाचे नाव तपासावे. पत्त्याला उत्तर मिळते आणि नावाला मिळत नाही, तर दोष नेम सर्व्हरच्या (नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या) नोंदीत आहे. ती कॉन्फिगर, नेटवर्क, इंटरनेट, होस्ट नेम्स या क्रमाने जाऊन दुरुस्त करावी व संगणक पुन्हा सुरू करावा. पत्त्यालाही उत्तर नसेल, तर केबल पाहावी. रास्पबेरी पायचे वाय-फाय रिस्क ओएसमध्ये २०२४ च्या ५.३० आवृत्तीपासून चालू लागले, त्यामुळे त्याआधीच्या आवृत्तीवर वाय-फायच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

सर्वांत फसवा दोष घड्याळाचा असतो. एचटीटीपीने सुरू होणारी साधी पाने नीट उघडतात, पण एचटीटीपीएसची जवळजवळ सगळी पाने प्रमाणपत्राची (संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या नोंदीची) तक्रार करतात, ही त्याची खूण. पाय ४ पर्यंतच्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते; नेटवर्कवरून वेळ मिळाली नाही, तर यंत्र जुनीच तारीख धरून बसते आणि आजची प्रमाणपत्रे त्या तारखेला वैध झालेलीच नसतात. एफ १२ दाबून टाइम हा आदेश द्यावा, तारीख चुकीची दिसल्यास कॉन्फिगरमधून वेळ नेटवर्कवरून घेण्याची सोय चालू करावी. तारीख बरोबर असूनही तक्रार कायम राहिली, तर नेटसर्फची आवृत्ती पाहावी, कारण विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी ब्राउझरसोबतच येते आणि जुन्या प्रतीतील यादीही जुनीच असते. प्रमाणपत्राची चौकट आली की आंधळेपणाने ‘स्वीकारा’ म्हणण्याची सवय लावून घेऊ नये.

एखादेच पान सगळा डेस्कटॉप गोठवत असेल, तर त्याचे कारण रिस्क ओएसच्या रचनेत आहे: येथे प्रत्येक प्रोग्रॅमने आपणहून पुढच्याला वेळ द्यायचा असतो. काही वेळ वाट पाहावी, तरीही हालचाल नसेल तर ऑल्ट आणि ब्रेक एकत्र दाबून काम थांबवावे. नंतर नेटसर्फच्या चॉइसेसमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, जावास्क्रिप्ट बंद करून तेच पान उघडावे. मजकुराची बरीचशी पाने त्याने सुरळीत होतात. बँकेसारखी स्थळे मात्र होणार नाहीत, त्यांच्यासाठी वेबकिट या इंजिनवर आधारलेला ऑटर हा ब्राउझर वापरून पाहावा.

मराठी पानांबाबत स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. अक्षराऐवजी बारीक आकड्यांची चौकट दिसली, उदाहरणार्थ ‘क’च्या जागी ०९१५, तर ते अक्षर असलेला फाँट यंत्रावर नाही एवढाच त्याचा अर्थ. फाँट बसवला तरी जोडाक्षरे जुळत नाहीत आणि ‘कि’मधील वेलांटी क-च्या आधी, डावीकडे सरकत नाही, कारण येथील अक्षर-लेखनाच्या लायब्ररीत देवनागरीची जुळणी करण्याची सोय नाही. हा सेटिंगचा दोष नाही, म्हणून त्यासाठी पर्याय चाळत बसू नये.

इतके करूनही उलगडा झाला नाही, तर ब्राउझर बंद पडताच, तो पुन्हा सुरू करण्याआधी, स्क्रॅप (तात्पुरत्या फाइलींच्या) डिरेक्टरीतील डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, त्यातील नेटसर्फ येथे असलेली लॉग (घडामोडींच्या नोंदींची) फाइल दुसरीकडे कॉपी करून ठेवावी, कारण पुढच्या वेळी तीच पुन्हा लिहिली जाते. नेटसर्फच्या बग-नोंदणीत तक्रार करताना ही फाइल, पानाचा पूर्ण पत्ता, नेटसर्फ व रिस्क ओएस या दोन्हींच्या आवृत्त्या आणि जावास्क्रिप्ट चालू होते की बंद, हे सर्व द्यावे.