कॅलेंडुला: कुंडीपासून मलमाच्या डबीपर्यंत

तीन आठवडे जपलेली, कॅलेंडुलाची फुलं मुरत ठेवलेल्या तेलाची बरणी उघडली आणि वर पांढरट-हिरवी बुरशी तरंगताना दिसली. फुलं घरच्या कुंडीतली, तेल चांगलं, बरणी लख्ख धुतलेली. चुकलं एवढंच, की पाकळ्या कुरकुरीत झाल्या म्हणून मी फूल वाळलं असं धरलं होतं. मधला गड्डा आतून ओलाच होता. कॅलेंडुला लावणं सोपं आहे, अगदी नवख्यालाही जमतं. घोटाळा होतो तो फूल खुडल्यापासून बरणीचं झाकण लागेपर्यंत. म्हणून लागवडीचं थोडक्यात सांगते आणि वाळवण्यापाशी जरा जास्त वेळ थांबते.

आधी बी नीट ओळखा

कॅलेंडुला म्हणजे झेंडू नव्हे. रंग सारखा, कूळही सूर्यफुलाचंच, पण झाडं वेगळी. झेंडू टॅजेटस या प्रजातीतला, तर आपल्याला हवं आहे ते कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस. इंग्रजीत त्याला ‘पॉट मॅरिगोल्ड’ म्हणतात आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू होतो. पाकिटावरच्या चित्रावर विसंबू नका, बी हातावर घेऊन पाहा. झेंडूचं बी सरळ, काळं, काडीसारखं आणि टोकाला फिकट तुरा असलेलं. कॅलेंडुलाचं बी भुरकट, खडबडीत, वाळकी अळी गोल वळून बसावी तसं. एकाच फुलात दोन-तीन आकारांची बियाणी निघतात, काही मोठी नावेसारखी, काही घट्ट वळलेली. ती सगळी उगवतात. पानांतही फरक आहे: झेंडूचं पान पिसासारखं कातरलेलं, कॅलेंडुलाचं लांबट, अखंड आणि किंचित लवदार.

वाण निवडायला मिळत असेल तर औषधी वापरासाठी ‘रेझिना’ घ्या. त्याच्या फुलांना राळ भरपूर असते. ‘पॅसिफिक ब्यूटी’ उंच वाढतो, फुलं मोठी. गॅलरीतल्या लहान कुंडीला ‘बॉन बॉन’ बरा, तो बुटका राहतो.

पेरणी

हे थंड हवेचं झाड आहे. १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास बी छान रुजतं. पारा ३० च्या वर राहू लागला की फुलं लहान होतात, मग झाड थकतं. त्यामुळे हिवाळा सौम्य असेल तिथे उन्हाळा ओसरून हवा गार होऊ लागली की पेरा. कडाक्याची थंडी पडत असेल तिथे तिचा जोर संपल्यावर. हलकं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, रोपं सोसतात.

कुंडी निदान २० ते २५ सेंटिमीटर खोल आणि तळाला भोक असलेली हवी. माती भुसभुशीत, पाणी धरून न ठेवणारी. साधी बागेची माती आणि कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भागांस एक भाग, एवढं पुरतं. बी साधारण १ सेंटिमीटर खोल टोचा आणि वरून मातीने पूर्ण झाका. कॅलेंडुलाच्या बियांना रुजताना अंधार आवडतो, नुसत्या वर भुरभुरवल्या तर निम्म्या वाया जातात. माती ओलसर ठेवली की ५ ते १४ दिवसांत कोंब दिसतात.

खरी पानं दोन-तीन जोड्या आली की विरळणी करा. एका मध्यम कुंडीत एकच रोप ठेवायचं. वाफ्यात दोन रोपांमध्ये २५ ते ३० सेंटिमीटर अंतर. रोपं उपटून टाकवत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, पण गर्दीतल्या रोपांना आधी भुरी धरते.

शेंडा खुडणं, पाणी, किडी

रोप १०-१५ सेंटिमीटर उंच झालं की मधला शेंडा खुडा. फुलं आठवडाभर उशिरा येतील, पण एका काडीऐवजी झुडूप मिळेल. दिवसाला निदान पाच-सहा तास ऊन हवं. हवा तापू लागली तर दुपारची सावली चालते.

पाणी मातीला द्या, पानांवर नको. वरची बोटाच्या पेराइतकी माती कोरडी लागली की पुढचं पाणी. खताचा हात आखडताच ठेवा. नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार माजतात आणि कळ्या दिसत नाहीत. माझी सगळ्यात देखणी, सगळ्यात निरुपयोगी कुंडी अशीच तयार झाली होती.

मावा हमखास येतो. कोवळ्या देठांवर आणि कळ्यांखाली गर्दी करतो. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, नाही भागलं तर साबणाचं अगदी सौम्य पाणी. ज्या फुलांचा वापर करायचा आहे त्यांवर कीटकनाशक मात्र अजिबात मारू नका. पानांवर पिठासारखी भुरी दिसली तर ती पानं काढून टाका आणि झाडांमध्ये हवा खेळू द्या.

पेरणीपासून साधारण ५० ते ६० दिवसांत पहिलं फूल येतं.

फूल कधी खुडायचं

सकाळी, दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत. कॅलेंडुला रात्री मिटतो, म्हणून फार लवकर गेलात तर मिटलेलीच फुलं हाती लागतील. पूर्ण उमललेलं पण मधोमध अजून घट्ट दिसणारं फूल नेमकं. देठावर बोटं ठेवून फुलाच्या अगदी खाली खुडायचं. बोटांना चिकट लागेल. पहिल्यांदा मला तो माव्याचा प्रताप वाटला आणि मी फुलं धुऊन काढली! तो चिकटपणा म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीवरची राळ. ती लागली म्हणजे फूल चांगलं.

दर दोन-तीन दिवसांनी खुडत राहा. बी धरायला लागलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि नवीन कळ्या थांबतात. खुडणं हीच इथे छाटणी.

फुलं धुवायची नाहीत. हलक्या हाताने झटका आणि कागदावर अर्धा तास पसरून ठेवा, आतले किडे आपापल्या वाटेने निघून जातात.

वाळवणं: इथे घाई नको

जाळीच्या चौकटीवर किंवा सुती कापडावर फुलं एकमेकांना न चिकटता, पाकळ्या खाली करून ठेवा. म्हणजे जाड गड्डा वर राहतो आणि त्याला हवा मिळते. जागा सावलीची, कोरडी, वारा खेळती. थेट उन्हात वाळवलं तर लवकर होतं खरं, पण केशरी रंग उडतो, आणि रंग देणारी कॅरोटिनॉइड्सच उन्हाने जातात. रोज एकदा फुलं उलटीपालटी करा.

पाकळ्या तीन-चार दिवसांत कागदासारख्या होतात. इथेच माझ्यासारखे लोक फसतात. गड्ड्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. वाळवणयंत्र असेल तर ३५ ते ४० अंशांवर ठेवा, तरी एक दिवस धराच.

वाळलं की नाही हे पाहायच्या दोन खुणा. पहिली: गड्डा दोन बोटांत धरून मोडा. कडकन मोडला तर ठीक. दबला, वाकला किंवा आत गारवा लागला तर परत जाळीवर. दुसरी खूण जास्त भरवशाची. फुलं काचेच्या बरणीत भरून झाकण लावा आणि दोन दिवस ठेवा. काचेच्या आत धुकं आलं किंवा फुलं पुन्हा मऊ पडली, तर अजून पाणी आहे. त्या दोन दिवसांत बिघडत काही नाही, मात्र घाईने तेल ओतलं तर सगळंच जातं.

एवढा धीर नसेल तर पाकळ्या ओढून काढा आणि तेवढ्याच वाळवा. युरोपियन फार्माकोपियातही (औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रंथात) गड्ड्यापासून सुटी केलेली फुलंच औषधी म्हणून धरली आहेत, आणि दाह कमी करणारे फॅराडिऑलसारखे घटक पाकळ्यांत भरपूर असतात. घरगुती मलम करणारे पुष्कळजण राळेच्या मोहापायी अख्खं फूल घेतात. मी दमट दिवसांत पाकळ्या घेते, कोरड्या दिवसांत अख्खं फूल.

वाळलेली फुलं हवाबंद बरणीत, अंधारात ठेवली की वर्षभर टिकतात. रंग फिकट तपकिरी झाला की टाकून द्या.

तेल

फॅराडिऑलची संयुगं आणि कॅरोटिनॉइड्स पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणूनच त्वचेसाठी काढ्यापेक्षा तेलाचा मार्ग.

कोरडी ठणठणीत बरणी घ्या. तीत वाळलेली फुलं निम्म्याहून थोडी जास्त भरा, दाबू नका. त्यावर तेल ओता: ऑलिव्ह, सूर्यफूल, बदाम, जे तुमच्या त्वचेला सोसतं ते. खोबरेल तेलही चालतं, पण २४ अंशांच्या खाली ते गोठतं हे लक्षात ठेवा. फुलांच्या वर दोन बोटं तेल राहायला हवं. वर डोकावणारी पाकळी हवेला लागते आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा, झाकण लावा, बरणी खाकी कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवा. चार ते सहा आठवडे, दर एक-दोन दिवसांनी हलवायचं.

थांबायला वेळ नसेल तर बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून अगदी मंद आचेवर दोन-तीन तास ऊब द्या. पाणी उकळू देऊ नका, बोट क्षणभर बुडवता येईल इतकंच गरम. तेलाला तळणाचा वास आला म्हणजे ते जळलं, पुन्हा करायचं. बरणीत पाण्याचा एकही थेंब उडता कामा नये.

मलमलच्या कापडातून गाळा आणि घट्ट पिळा. गाळलेलं तेल रात्रभर स्थिर ठेवून सकाळी वरचं तेवढं ओतून घ्या. तळाशी गढूळ थर बसला तर त्यात पाणी असू शकतं, तो सोडून द्यायचा. गडद काचेच्या बाटलीत, थंड जागी ठेवलं तर मूळ तेल जितकं टिकलं असतं साधारण तितकंच हे टिकतं. व्हिटॅमिन ईचे चार थेंब घातले तर तेल खवट व्हायला वेळ लागतो, पण बुरशी त्याने थांबत नाही. बऱ्याच जणांचा इथे गैरसमज असतो.

मलम

१०० ग्रॅम तेलाला २० ग्रॅम मधमाशीचं मेण. हवा गरम असेल तर २५ ग्रॅम. गरम पाण्यावर भांडं ठेवून मेण वितळवा, त्यात तेल घाला, एकजीव झालं की उतरवा. डब्या भरण्याआधी चमचाभर मिश्रण थंड बशीवर टाकून पाहा. फार सैल वाटलं तर मेण, कडक वाटलं तर तेल, आणि परत गरम. डब्या पूर्ण गार झाल्यावरच झाकणं लावा, नाहीतर वाफेचं पाणी झाकणावर धरतं आणि थेंब मलमात पडतात.

कशाला वापरायचं, कशाला नाही

कोरडी, फाटलेली त्वचा, टाचा, हातांची बारीक खरचट, उन्हाने किंचित लाल झालेली कातडी: एवढ्याला हे मलम चांगलं. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने त्वचेचा किरकोळ दाह, लहान जखमा आणि तोंड-घशाचा सौम्य दाह यांसाठी कॅलेंडुलाचा पारंपरिक वापर मान्य केला आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या २५४ स्त्रिया होत्या. कॅलेंडुलाचं मलम लावणाऱ्यांपैकी ४१ टक्के जणींना त्वचेचा मध्यम किंवा तीव्र दाह झाला, तर तुलनेसाठी ट्रोलामाइन हे दुसरं मलम लावणाऱ्यांत हेच प्रमाण ६३ टक्के होतं. हे वाचून कुणी घरची डबी रेडिएशनच्या त्वचेवर लावू नये. चाचणीतलं मलम ठरावीक दर्जाचं होतं, आपलं स्वयंपाकघरात झालेलं.

खोल जखम, भाजून आलेला फोड, पू धरलेली जागा: तिथे तेलकट काहीही लावू नका, डॉक्टरकडे जा. शेवंती, डेझीच्या कुळातल्या फुलांनी ज्यांना खाज किंवा शिंका येतात त्यांनी जपून असावं. इतरांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस वाट पाहावी.

गुळण्यांसाठी चमचाभर वाळलेल्या पाकळ्यांवर कपभर उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा, कोमट झालं की गुळण्या करा. हे त्याच दिवशी संपवायचं. गरोदरपणात पोटात घेणं टाळलेलं बरं.

ताज्या पाकळ्या खाण्यात चालतात. चव किंचित तुरट, बुडाचा पांढरा भाग कडवट, तो खुडून टाका. कोशिंबिरीवर भुरभुरल्या तर नुसता देखावा. लोण्यात किंवा भाताच्या तुपात घातल्या तर रंग उतरतो, कारण तो रंग स्निग्धातच सुटतो. केशराच्या जागी रंगासाठी या पाकळ्या वापरण्याची रीत जुनी आहे. केशराची चव मात्र त्यात शोधू नका.

शेवटी, बी

मोसम सरत आला की सगळ्यात चांगल्या झाडावरची दोन-तीन फुलं खुडायची नाहीत. पाकळ्या गळतील, वळलेल्या बियांचं चक्र आधी हिरवं, मग भुरं होईल. बोटाने ढकलल्यावर बी सहज सुटलं की ते तयार. पाऊस येण्याआधी काढा, आठवडाभर सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा आणि वर वाणाचं नाव, वर्ष लिहा. जवळपास दोन वाण असतील तर मधमाश्या त्यांचा संकर करतात, पुढच्या वर्षीचं फूल थोडं वेगळं निघालं तर नवल मानू नका. काही बिया कुंडीतच गळतात. पुढच्या गार दिवसांत, तुम्ही पाकीट शोधत असताना, ती रोपं आधीच वर आलेली असतील.